पडल्या पडल्या वजन उतरतं का?

कमरेला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं की पोट थरथरायला लागतं. नाहीतर हलणाऱ्या पलंगावर नुसतं पडून राहायचं. व्यायाम न करता वजन उतरेल असा शब्द मिळतो आणि पॅकेजचे पैसे आगाऊ भरले जातात. वजनाच्या काळजीत असलेल्या माणसाला हे खरं वाटणं स्वाभाविक आहे, म्हणूनच त्याची फसगत जास्त जिव्हारी लागते.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे हादऱ्यांनी चरबी सुटते. चरबी हा शरीराने साठवलेला इंधनाचा साठा आहे. तो हलवून रिकामा होत नाही, खाण्यातून मिळते त्यापेक्षा जास्त ऊर्जा शरीराने खर्च केली तरच कमी होतो. या मशीनवर काम मोटर करते आणि खर्च होते ती वीज. एक किलो चरबीत सुमारे 7,700 किलोकॅलरी असतात. साठ किलोचा माणूस स्वस्थ बसून तासाला साधारण 60 किलोकॅलरी खर्च करतो आणि झपझप चालला तर 200 हून अधिक. पलंग कितीही हलला, तरी त्यावर पडलेल्या माणसाचा खर्च बसलेल्या माणसाच्या आसपासच राहतो.

पोट तापवून घाम काढणाऱ्या सॉना बेल्टने मात्र काटा खरोखर खाली येतो, म्हणून त्यावर लोकांचा विश्वास बसतो. पट्टा काढला की कातडी लाल झालेली असते, बनियन ओलाचिंब असतो. पण अर्धा लिटर घाम गेला की अर्धा किलो वजन कमी दिसणारच. दोन-तीन ग्लास पाणी प्यायलं की ते परत येतं.

‘फक्त पोट कमी करा’ हेही होत नाही. 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. रॅकेटच्या हाताचे स्नायू मोठे होते, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच होती. रोज राबणाऱ्या हाताची चरबी वेगळी उतरत नसेल, तर पट्ट्याने नुसत्या पोटाची कशी उतरेल?

विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आकसवणारी यंत्रं थोडी वेगळी. त्यांनी स्नायूला तात्पुरता घट्टपणा येऊ शकतो, पण वजन कमी होत नाही. ‘रिलॅक्सअसायझर’ नावाच्या अशाच यंत्रावर अमेरिकेत 1970 मध्ये न्यायालयाने बंदी घातली, कारण ते आरोग्याला धोक्याचं ठरलं होतं. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी अशी यंत्रं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नयेत.

पॅसिव्ह व्यायाम, म्हणजे दुसऱ्याने किंवा मशीनने आपलं शरीर हलवणं, निरुपयोगी मात्र नाही. पक्षाघातानंतर सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपिस्ट रुग्णाचे हातपाय हलवतात, काही वेळा मशीनही वापरतात. तिथे हेतू वजनाचा नसतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. झपझप चालणं त्यात धरलं जातं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून हातपाय हलवा, पण ते स्वतः हलवा. जेवणाकडेही लक्ष द्या आणि पॅकेजचे पैसे भरण्याआधी एकदा आपल्या डॉक्टरांशी बोला.