कामठा ते बाहिया : स्वातंत्र्य नेमके कुणाचे?

गोंदिया तालुक्यातील कामठ्याचे नाव घेतले की बाहेरच्या पाहुण्यांना नागपूरजवळची कामठी आठवते. आमचा कामठा वेगळा. भोसल्यांच्या काळात ही मोठी जमीनदारी होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. या फौजेत अरब शिपाईही होते. पराभवानंतरही त्यांनी नागपूर शहर सोडले नाही. वेढा पडला, तेव्हा डिसेंबरअखेर अटी ठरवूनच ते बाहेर पडले. पुढे अप्पासाहेब कैदेतून निसटले आणि १८१८ मध्ये कामठ्याचे जमीनदार चिमणा पाटील इंग्रजांविरुद्ध उठले. इंग्रजी फौजेने कामठा घेतला, पाटील पकडले गेले आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली.

पाटलांचे धाडस मोठेच होते. पण धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसासाठी काय बदलले असते? पाटील जिंकले असते तर राजा परत आला असता; रयत मात्र रयतच राहिली असती.

त्याच १८१८ साली, फेब्रुवारीत, दक्षिण अमेरिकेतील चिलीने स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केले. त्या काळात अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवर एक नवी भाषा घुमत होती : सत्ता राजाची नाही, लोकांची. १७७६ मध्ये अमेरिकेने ती उच्चारली, १७८९ मध्ये फ्रान्सने. पण लोक म्हणजे कोण? सर्व माणसे समान आहेत असा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबत होते. अमेरिका स्वतंत्र झाली, तिथली गुलामगिरी मात्र १८६५ पर्यंत टिकली.

या प्रश्नाचे सर्वांत सडेतोड उत्तर हैतीच्या गुलामांनी दिले. ऑगस्ट १७९१ मध्ये उसाच्या मळ्यांतून ते उठले आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्यांनी आपला देश स्वतंत्र केला. त्याची शिक्षाही मिळाली. फ्रान्सने १८२५ मध्ये मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी पंधरा कोटी फ्रँक मागितले. ज्यांना गुलाम केले, त्यांच्याकडूनच भरपाई!

आता ब्राझीलच्या बाहिया प्रांतात जाऊ. ब्राझील १८२२ मध्ये स्वतंत्र झाला होता, गुलामगिरी मात्र कायम होती. साल्वादोर शहरात आफ्रिकेतून आणलेले अनेक मुस्लिम गुलाम राहत. ओझी वाहून, फेरी करून जी कमाई होई, तिचा मोठा वाटा मालकाला द्यावा लागे. तरीही दिवसभराच्या कष्टानंतर ते एकत्र जमून अरबी अक्षरे गिरवत, नमाज शिकत. पासिफिको लिकुतान हे त्यांचे वयोवृद्ध उस्ताद. त्यांच्या सुटकेसाठी शागिर्दांनी पैसे जमवले, पण मालकाने विकायला नकार दिला. पुढे मालकाचे कर्ज थकले, तेव्हा जप्तीच्या मालासारखे लिकुतान यांनाच तुरुंगात डांबले.

हिजरी १२५० चा रमजान संपत आला होता. २४ जानेवारी १८३५ च्या रात्री उठावाची खबर फुटली आणि ठरलेल्या वेळेआधीच लढाई पेटली. सुमारे सहाशे माणसे रस्त्यावर उतरली. कित्येकांच्या गळ्यात कुरआनच्या आयती लिहिलेले तावीज होते. पहाटेपर्यंत उठाव चिरडला गेला. सत्तरच्या आसपास उठावकरी मारले गेले. नंतर काहींना गोळ्या घातल्या, अनेकांना फटके मारले, शेकडो लोकांना आफ्रिकेत हाकलले. त्यांचे अरबी कागद पुरावा म्हणून जप्त झाले. त्यांतील काही आजही तिथल्या अभिलेखागारात आहेत. ब्राझीलमधली गुलामगिरी १८८८ मध्ये संपली.

ही कथा अभिमानाने सांगताना एक कबुलीही द्यावी लागते. मुस्लिम राजवटींतही गुलाम होते, बाजार होते. कुरआनने गुलाम मुक्त करणे हे पुण्य ठरवले, जकातच्या आठ हक्कदारांत त्यांच्या सुटकेला जागा दिली. आपण माणसांनीच ते शतकानुशतके विसरायचे ठरवले.

मराठीत हा धागा नेमका पकडला तो महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८७३ चे त्यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलेले आहे. परक्या सत्तेबरोबरच घरातली, गावातली गुलामीही संपली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच त्यांच्या शाळेच्या कामात सावित्रीबाईंसोबत फातिमा शेख उभ्या राहिल्या.

आज आपल्या जिल्ह्यात कुणी साखळदंडात नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. पण लग्नासाठी, आजारपणासाठी घेतलेली उचल फेडता फेडता सगळे घर एकाच ठेकेदाराशी बांधले जाते, हे आपल्याला ठाऊक नाही का? आपल्याच घरी भांडी घासणाऱ्या बाईला रमजानमध्ये सुट्टी मागताना संकोच का वाटतो?

जकातच्या त्याच आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. येत्या रमजानमध्ये हिशेब मांडताना मोहल्ल्यातले असे एक घर शोधू या. चार घरांनी जकात एकत्र केली, तर त्याचे कर्ज एकरकमी फिटू शकेल. लिकुतान यांच्या शागिर्दांनीही, स्वतः गुलाम असताना, असेच पैसे जोडले होते.