मलेरियात पाणथरी वाढते तेव्हा
थंडी वाजून ताप येतो आणि डाव्या बरगड्यांखाली जड वाटतं? तुमची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली असू शकते. मलेरियाने बिघडलेल्या तांबड्या पेशी गाळण्याचं काम तिचं, म्हणून ती सुजते. तपासताना ती हाताला लागते, सोनोग्राफीत आकार कळतो. मलेरियाचं निदान मात्र रक्ततपासणीनेच. शक्यतो पहिल्या गोळीआधी रक्त द्या.

पाणथरीसाठी वेगळं औषध लागत नाही. मलेरिया बरा झाला की ती हळूहळू ओसरते. व्हायवॅक्स असेल तर प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं (गरोदर बाईला देत नाहीत). ताप उतरला की बरेच जण ते सोडतात, आणि मलेरिया उलटतो.

पोट चोळून घेऊ नका. डाव्या कुशीत किंवा खांद्यात अचानक कळ, सोबत चक्कर आली, तर पाणथरी फुटलेली असू शकते. लगेच रुग्णालय गाठा.