मुक्या माराचा हिशेब

घरातील सत्तरी ओलांडलेली बाई पहाटे मोरीकडे जाताना ओल्या फरशीवरून सरकून कुशीवर पडते, कोणाच्या तरी आधाराने उठून पलंगापर्यंत येते, अंगावर जखम नाही, रक्त नाही, सूज म्हणावी तर तीही बेताचीच. अशा वेळी घरची मंडळी, आणि पुष्कळदा तपासणारे डॉक्टरही, ‘मुका मार आहे, चार दिवस शेका’ असे सांगून मोकळे होतात. खुब्याचे हाड मोडून सरकले असते तर ही गफलत सहसा झाली नसती. कारण त्या मोडीत पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या अंगाला कलते आणि रोग्याला उभे राहणेच अशक्य होते. श्रोणीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या अस्थिवलयाच्या, भंगाला अशी उघड खूण नसते. दोन्ही पाय लांबीला सारखे, बोटे हलतात. मात्र अंथरुणात कूस बदलताना, खुर्चीवरून उठताना किंवा एका पायावर भार देताना जांघेत अशी कळ उठते की बाई जागच्या जागी थबकते. ‘कमरेत उसण भरली’ या सदराखाली किती मोडलेली हाडे आजवर खपून गेली असतील, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा राहत नाही.

या वलयाची रचना थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. मागे मध्यभागी पाठीच्या कण्याचा पाया असलेली त्रिकास्थी, तिला दोन्ही बाजूंनी जखडलेल्या दोन नितंबास्थी, आणि या दोहोंना पुढे जोडणारा जघनसंधी. धडाचा सगळा भार त्रिकास्थीतून नितंबास्थींत व तेथून मांड्यांत उतरतो. पुढच्या बाजूस जघनास्थीच्या वरच्या व खालच्या शाखा त्या मानाने बारीक, आणि म्हणून कुशीवर पडल्यावर प्रथम मोडतात त्या बहुधा याच. तारुण्यात हे वलय मोडायला मोटारीची धडक किंवा उंचावरून पडणे लागते. हाडांतील जाळी विरळ झाल्यावर मात्र उभ्या माणसाने जागच्या जागी पडणे एवढे कारण पुरते, आणि कधी तेवढेही लागत नाही: १९८२ साली लुरी या वैद्याने वृद्धांच्या त्रिकास्थीला आपोआप, काही आघात न होता, पडणाऱ्या भेगांचे वर्णन केले तेव्हा या विकाराकडे आजवर कोणाचे लक्षच गेले नव्हते, असे त्याने लेखाच्या शीर्षकातच नमूद केले होते.

मोजदादीचा विषय निघाला की फिनलंडचे दप्तर उघडावे लागते. त्या छोट्या देशाने इस्पितळातून घरी जाणाऱ्या प्रत्येक रोग्याची देशव्यापी नोंद गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून नेटाने ठेवली आहे, आणि टाम्पेरे येथील यू.के.के. संस्थेतील पेक्का कान्नुस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींतून साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या, किरकोळ पडण्याने श्रोणी मोडलेल्या रोग्यांची संख्या वेचून काढली. १९७० मध्ये असे रोगी भरले १२८. १९९७ मध्ये ९१३. लाखामागे २० हे प्रमाण ९२ वर गेले. म्हातारी माणसे वाढली म्हणून आकडा वाढला, असे म्हणून हा विषय गुंडाळता येत नाही, कारण वयमानाची तफावत हिशेबात धरून वजा केली तरी वाढ उरतेच. ऐंशीच्या पुढील फिनिश लोकांची त्यांनी पुढे केलेली मोजणी तर अधिकच बोलकी आहे: १९७० मध्ये ३३ रोगी, २०१३ मध्ये १,०५५. या वाढीचा काही वाटा क्ष-किरणांपेक्षा सूक्ष्म पाहणाऱ्या यंत्रांना द्यावा लागेल; पूर्वीही मोडत असलेली हाडे आता दिसू लागली, इतकेच. तरीही ती दिसू लागली हे विसरून चालणार नाही, आणि ज्यांना दाखलच करून घेतले नाही ते या आकड्यांच्या बाहेर आहेत, हेही.

अमेरिकेचा अंदाज याला पूरक आहे. २००५ साली तेथे ठिसूळ हाडांमुळे सुमारे वीस लाख अस्थिभंग झाले असे गणित मांडण्यात आले. त्यांत खुब्याचे शेकडा १४, तर श्रोणीचे शेकडा ७, म्हणजे दोन खुब्यांमागे एक श्रोणी. आता आपल्याकडे हरियाणातील रोहतक जिल्ह्यात पन्नाशीपुढील लोकांतील खुब्याच्या भंगांची पद्धतशीर मोजणी झाली आणि प्रमाण लाखामागे १२९ निघाले, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. अमेरिकेचे दोनास एक हे प्रमाण उचलून रोहतकला लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही, आणि मी तो मोह आवरतो. पण खुब्यांची एवढी संख्या जेथे आहे तेथे श्रोणी अभंग राहिल्या असतील, यावर मात्र माझा इतबार बसत नाही.

बरे, मोडले तर काय होते? ‘शस्त्रक्रिया नको, आपोआप जुळते’ हे वाक्य या रोगाविषयी इतके रूढ झाले आहे की त्यातून तो निरुपद्रवी असल्याचा समज पसरला. एडिंबरो येथे केवळ जघनास्थीच्या शाखा मोडलेल्या २८६ रोग्यांचा पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचा वृत्तांत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग्यांचे सरासरी वय पाऊणशेच्या घरात होते. वर्षअखेर हयात होते शेकडा ८६.७, पाच वर्षांनंतर शेकडा ४५.६. अर्थात ही सारी माणसे हाड मोडले म्हणून मयत झाली नाहीत. हृदय थकलेले, फुफ्फुसे कमजोर, डोळे अधू, अशा देहात पडणे हे पुष्कळदा आतल्या पडझडीचे पहिले प्रकट चिन्ह असते; पण ते चिन्ह ओळखले गेले तर पुढची व्यवस्था लावता येते, आणि ‘मुका मार’ म्हणून बाजूस सारले तर लावता येत नाही.

ओळखण्यातली मुख्य अडचण वलय या आकृतीतच आहे. काचेच्या बांगडीला एका जागी दाब द्यावा तर ती सहसा दोन जागी फुटते; श्रोणीचेही बहुधा तसेच. पुढची मोड साध्या क्ष-किरण चित्रात दिसते, आणि ती दिसली की पाहणाऱ्याचे समाधान होते. मागची, त्रिकास्थीतील भेग आतड्यांतील वायूच्या व मळाच्या छायेत लपते. जर्मनीतील माइंझ येथे पॉल रोमेन्स व आलेक्झांडर होफमान यांनी पासष्टीपुढील २४५ रोग्यांच्या चित्रांची छाननी करून २०१३ मध्ये या भंगांचे चार वर्ग पाडले, तेव्हा दर पाच रोग्यांत जवळपास चौघांच्या वलयाचा मागचा भागही दुखावलेला आढळला. मोठ्या केंद्राकडे गंभीर रोगी अधिक येतात, ही सबब येथे गृहीत धरली तरी प्रमाण थोडे नाही. त्रिकास्थीवर, कमरेच्या मध्यरेषेच्या किंचित बाजूला, अंगठ्याने दाबून पाहण्यास काही खर्च नाही. तेथे रोगी विव्हळला तर सी.टी. किंवा एम.आर.आय. करण्यास पुरेसे कारण मिळते. एम.आर.आय. मध्ये न सरकलेली भेगही भोवतीच्या सुजेमुळे स्पष्ट उमटते. हे न केल्याने कित्येकांवर मणक्यांच्या झिजेचे उपचार महिनोन्महिने चालू राहतात.

एका कारणाचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर ओटीपोटात किरणोपचार दिले जातात आणि त्या किरणांनी आसपासची हाडेही दुबळी होतात. अमेरिकेतील पासष्टीपुढील स्त्रियांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्यांपैकी पाच वर्षांत शेकडा ८.२ जणींची श्रोणी मोडली, तर तोच रोग असून किरणोपचार न घेतलेल्यांत शेकडा ५.९ जणींची. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील ग्रामीण भागातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि खेडोपाडी जाऊन माणसे नोंदवता येतात हे तिने दाखवून दिले. अशा नोंदींत उतरलेल्या, किरणोपचाराने गर्भाशयमुखाचा कर्करोग बरा झालेल्या बायका पुढे कंबरदुखीची तक्रार घेऊन आल्या की रोग उलटला या धास्तीने घर हादरते. त्यांच्यापैकी काहींच्या दुखण्याचे मूळ किरणांनी विरळ झालेल्या त्रिकास्थीत असते.

उपचारांचा इतिहास गमतीचा आहे. सुश्रुताने श्रोणीत पाच अस्थी मोजल्या आणि भग्ननिदानात, कटीतील कपालास्थी फुटली किंवा जघन चिरडले गेले तर वैद्याने तो रोगी हाती घेऊ नये, असा निर्वाळा दिला. पुढे बऱ्याच काळाने आधुनिक वैद्यकाने सहा आठवडे खाटेवर पडून राहण्याचा हुकूम काढला, जो वृद्धांच्या बाबतीत फारसा हितकर ठरला नाही. पिंढरीच्या शिरेत रक्ताची गुठळी, फुफ्फुसात कफ, पाठीला शय्याव्रण, आणि दिवसागणिक झडणारे मांडीचे स्नायू, ही त्या विश्रांतीची फळे. आता रीत उलटली आहे. वलयाचा मागचा भाग सरकलेला नसेल तर पुरेसे वेदनाशामक औषध देऊन शक्य तितक्या लवकर वॉकरच्या आधाराने चार पावले टाकायला लावतात. सरकला असेल, किंवा काही दिवस उलटूनही उभे राहणे जमत नसेल, तर कातडीला छोटी चीर देऊन नितंबास्थीतून त्रिकास्थीत स्क्रू बसवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या रोग्याचा पहिल्या दिवसांत रक्तदाब व हिमोग्लोबिन पाहत राहावे लागते, कारण जघनास्थीमागील रक्तवाहिनी फाटली तर रक्त बाहेर न दिसता आत साचत जाते.

२०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातील शेकडा ९.९ लोक साठीच्या पुढचे होते. त्यांच्यापैकी जी बाई एकदा पडून हाड मोडून घेते, तिचे दुसरे हाड मोडण्याचा धोका वाढलेला असतो. म्हणून जांघेची कळ थांबली की कागद मिटून न टाकता तिची अस्थिघनता मोजावी, ड जीवनसत्त्वाची उणीव भरून काढावी, वर्षातून एकदा शिरेतून द्यावयाचे झोलेड्रोनिक आम्ल किंवा आठवड्याची गोळी यांपैकी तिच्या मूत्रपिंडांना मानवेल ते सुरू करावे, झोपेच्या गोळ्यांची यादी पुन्हा वाचावी, आणि मोरीच्या भिंतीला धरायला एक दांडा ठोकून घ्यावा.