पिल्लं घालणारे मासे, घाटघरच्या पाण्यात

जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या माथ्यावर असलेल्या घाटघरात गप्पी पाळायचे, तर काचेच्या टाकीआधी पाण्याचा विचार करायला हवा. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी हवं तितकं मिळतं, पण त्यात क्षार जवळपास नसतात. गप्पी, प्लॅटी, मॉली, स्वोर्डटेल हे मासे मूळचे मध्य अमेरिकेचे आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले. त्यांना थोडं जड पाणी मानवतं, मॉलीला तर ते लागतंच. म्हणून पावसाच्या पाण्यात विहिरीचं पाणी मिसळावं, किंवा स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून टाकीत ठेवावा.

दुसरी अडचण थंडीची. 24 ते 27 अंशांत गप्पी खुशीत असतो. हिवाळी रात्री पाणी 18 च्या खाली गेलं की सुस्तावतो, आजारी पडतो. हीटर लावावाच. वीज गेली, तर टाकीला बाहेरून गोधडी गुंडाळली तरी पाणी बराच वेळ ऊब धरतं.

नर आणि मादी ओळखणं सोपं. नर लहान, रंगीत. पोटाखालचा त्याचा पर काडीसारखा लांबट झालेला असतो, त्यातूनच तो मादीच्या शरीरात शुक्राणू सोडतो. अंडी मादीच्या पोटातच वाढतात आणि साधारण चार आठवड्यांनी पोहणारी पिल्लं बाहेर येतात, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून कितीतरी जास्त. मादी शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते. त्यामुळे दुकानातून एकटी आणलेली मादीही पुन्हा पुन्हा विते. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. नर जास्त झाले, तर मादीला क्षणभर विसावा मिळत नाही.

दिवस भरत आले की मादीचं पोट चौकोनी दिसू लागतं आणि शेपटीकडचा काळा डाग गडद होतो. अशा वेळी तिला प्लास्टिकच्या चिमुकल्या पेटीत कोंडण्याची पद्धत मला पटत नाही, ती बिथरते. त्यापेक्षा टाकीत हायड्रिला किंवा जावा मॉस दाट वाढवावं. आई स्वतःचीच पिल्लं खाते, पण गुंत्यात शिरलेली वाचतात. त्यांना अलगद दुसऱ्या भांड्यात घ्यावं. उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाची चिमूट, बारीक कुटलेलं खाद्य, मिळालं तर आर्टेमिया हे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, असं दिवसातून तीन-चार वेळा, अगदी थोडं थोडं द्यावं. उरलेलं कुजून अमोनिया होतो आणि पिल्लं त्यानेच दगावतात. म्हणून स्पंज फिल्टर आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणं चुकवू नये. महिन्याभरात नर ओळखू येऊ लागले की वेगळे करावेत, नाहीतर संख्या हाताबाहेर जाते.

जास्तीचे मासे कुठे न्यायचे, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. राज्यात हिवताप रोखण्यासाठी आरोग्य विभाग हौदांत, डबक्यांत गप्पी सोडत आला आहे. बंदिस्त पाण्यात ते ठीक. पण घाटघरपासून जवळच, पूर गावच्या कुकडेश्वर मंदिराशी कुकडी नदी उगम पावते. उगमाकडच्या अशा ओढ्यांत गप्पी शिरला, तर स्थानिक माशांची अंडी-पिल्लं खातो आणि त्यांच्या वाट्याचं अन्नही. नाणेघाटातल्या, जीवधन किल्ल्यावरच्या कोरीव टाक्यांतही तो सोडू नये. जास्तीचे मासे दुसऱ्या हौशी माणसाला किंवा दुकानाला द्यावेत. टाकीचं बदललेलं पाणी ओढ्यात न ओतता परसातल्या झाडांना घालावं, आणि ओतण्याआधी कापडातून गाळावं, कारण त्यात नखाएवढं पिल्लू सहज राहून जातं.