ट्यूबचीही घडी मोडावी लागते

कपाटातल्या पैठणीची घडी आपण अधूनमधून मोडतो. का, ते कुणी शिकवावं लागत नाही. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की रेशीम नेमकं घडीवरच विरतं आणि ते कळतं ऐन लग्नाच्या दिवशी. सायकलच्या सीटखालच्या पिशवीत आपण जी जादा ट्यूब ठेवतो ना, तिचंही अगदी तसंच असतं. साडी विरली तर दुसरी नेसता येते. ट्यूब विरलेली कळते ती मात्र घरापासून पंधरा किलोमीटरवर, बाभळीच्या झाडाखाली.

हल्ली लहान गावांतूनही चाळिशीतल्या बायका पहाटे सायकल घेऊन बाहेर पडू लागल्यात. आमच्या गावात आम्ही आठ-नऊ जणी आहोत. कुणाला डॉक्टरांनी साखरेसाठी व्यायाम सांगितलाय, कुणाला गुडघ्यामुळे फार चालवत नाही. मुलगा शिकायला पुण्याला गेला, त्याची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात होती, ती बाहेर निघाली. या सायकलींची चाकं बारीक आणि ट्यूबही पातळ. बाजारात तर ‘लाईट’ म्हणून आणखी हलकी ट्यूब मिळते. साधी शंभर ग्रॅमच्या आसपास असेल, तर ही सत्तरच्या घरात. मुठीत मावते, पिशवीत जागा अडवत नाही, म्हणून आपण कौतुकाने तीच घेतो. पण वजन कमी झालं ते रबर कमी केल्यामुळे, हे लक्षात कोण घेतो? तिची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नसते.

चाकात असताना तिला टायरचं कवच असतं. खरा धोका तिला पिशवीतच.

आमच्यातल्या एका मैत्रिणीचं उदाहरण सांगते. काटा भरला, तिने भराभर चाक काढलं, नवी कोरी ट्यूब घातली, हवा मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांत चाक पुन्हा जमिनीला टेकलं. टायरमध्ये दुसरा काटा असेल म्हणून बोटं फिरवून पाहिलं, काही नाही. घरी आल्यावर ट्यूब बादलीत बुडवली तेव्हा घडीच्या कोपऱ्यावर बारीक बुडबुड्यांची माळ दिसली. वर्षभर तिच्या शेजारी पिशवीत पाना होता. खड्ड्याखड्ड्याला तो रबरावर घासत होता आणि खोका कधीच फाटून त्याचा भुगा झाला होता.

पान्याइतकाच वैरी म्हणजे ट्यूबचा स्वतःचाच व्हॉल्व्ह. त्यावरचे आटे कानशीसारखे असतात. घट्ट गुंडाळलेल्या ट्यूबमध्ये तो मधोमध सापडला, की रोज थोडं थोडं रबर खरवडत राहतो.

यावरचे उपाय आपल्या घरातच आहेत. आधी ट्यूबमधली हवा पार काढायची. सुईसारखा बारीक व्हॉल्व्ह असेल तर टोकावरचा छोटा स्क्रू सैल करून, हवा काढून, लगेच पुन्हा घट्ट करायचा. व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकाकडून, पोळीचा रोल करतो तशी ती गुंडाळत यायचं, म्हणजे व्हॉल्व्ह शेवटी बाहेरच्या अंगाला येतो. त्यावरची कड्यासारखी चकती काढून वेगळी ठेवायची. प्लास्टिकचं टोपण मात्र आठवणीने लावायचं आणि व्हॉल्व्हभोवती जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळायची. मग सगळी गुंडाळी मुलांच्या एकट्या पडलेल्या मोज्यात सरकवायची. (प्रत्येक घरात असा एक मोजा असतोच!) वरून प्लास्टिकची पिशवी, कारण पावसाचं पाणी आणि चेनचं तेल मोज्यातून आत झिरपतं. तेलाने रबर फुगतं आणि कमजोर होतं. वर रबरबँड मात्र आवळू नका, तो एकाच जागी काचतो.

टाल्कम पावडर लावावी का, असं खूपजणी विचारतात. थोडी लावावी, घड्या एकमेकींना चिकटत नाहीत. पण पावडरने घासणं थांबत नाही, ते काम कापडाचंच. शिलाई मशीन असेल तर जुन्या जीन्सच्या पायाची दोन कप्प्यांची थैली शिवा, आतून मऊ सुती अस्तर लावून. एका कप्प्यात ट्यूब, दुसऱ्यात पाना आणि टायर काढायच्या पट्ट्या. घड्याळ लावून बसलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.

अलीकडे पारदर्शक प्लास्टिकसारख्या, त्याहूनही हलक्या ट्यूबही मिळू लागल्या आहेत. त्या फारच नाजूक. शिवाय टायरच्या बाहेर जास्त हवा भरली तर ताणून कायमच्या बिघडतात आणि आपलं नेहमीचं सोल्युशन त्यांना चालत नाही. मला विचाराल तर गावातल्या खडीच्या रस्त्यावर जादा म्हणून साधी, जाड ट्यूबच न्यावी. तीस ग्रॅम वाचवून आपल्याला कुठली शर्यत जिंकायचीय? हलकीच हवी असेल तर तिची बडदास्त ठेवायला हवी.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ट्यूबचं केवढं कौतुक! पण सकाळी सहाला पंक्चरचं दुकान उघडं नसतं. रस्त्यावर अडकलेली बाई दोन तास उशिरा घरी आली, की डबे राहतात, मुलांची बस चुकते आणि मग ठरलेलं वाक्य ऐकू येतं, “म्हणूनच सांगत होतो, हे नसते उद्योग कशाला?” पुरुषाचं चाक बसलं तर ते नुसतं पंक्चर असतं. आपलं बसलं की सायकलच बंद होते. आमच्यातल्या दोघींची अशीच सुटली. एकीची साखर पुन्हा वाढलीय.

म्हणून दर तीन महिन्यांनी ट्यूब बाहेर काढा. आकार येईल एवढीच हवा भरा, बादलीत फिरवून बुडबुडे बघा, सावलीत पुसून कोरडी करा आणि गुंडाळताना घड्या वेगळ्या जागी पाडा. तारीख लक्षात राहत नसेल तर आमच्यासारखं सणांना बांधून टाका. खंडेनवमीला सायकल धुऊन झेंडूची माळ घालतोच, त्याआधी सीटखालची पिशवी उघडायची. नंतर संक्रांत, पाडवा आणि आषाढी एकादशी.