मालमोटारीचा नवा सारथी

लातूरच्या बाजारपेठेंतील तूरडाळ शहरांतल्या स्वयंपाकघरांत येते, तेव्हां तिचा भाव सर्वजण विचारतात. ती घेऊन येणाऱ्या हाताची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः अवजड मालमोटार हांकणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि तिचें मर्म गाडी चालविण्यापेक्षां ती वेळेवर थांबविण्यांत अधिक आहे.

मराठवाडा हैदराबाद संस्थानांत असतांना निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं मोटारखातें उघडलें, आणि उतारूंच्या मोटारींस संस्थेची शिस्त लाभली. मालमोटारीच्या सारथ्याची शाळा मात्र दीर्घकाळ रस्त्यावरच भरे. पोरगा क्लीनर म्हणून लागे, गाडी धुई आणि उस्तादाचें पाहून शिके. त्यांत कसब येई. पण उस्तादाच्या खोडीही अंगीं जडत.

आतां कायद्यानें या शिक्षणास निश्चित रूप दिलें आहे. उमेदवाराचें वय २० वर्षें पूर्ण हवें आणि हलक्या वाहनाचा परवाना त्यानें निदान १ वर्ष बाळगलेला असावा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें अवजड गाडीचें शिक्षण निदान ३० दिवसांचें असून, त्यांत प्रत्यक्ष चालविण्याचे निदान १५ तास भरावे लागतात.

परवाना मिळाला म्हणजे शिक्षण संपलें, असें नव्हे. चांगल्या कंपनींत पहिले दिवस कागदपत्रें, दृष्टीची तपासणी व नोकरीच्या अटी यांत जातात. शिकाऊ दिवसांचा भत्ता मिळेल काय, माल भिजल्यास भरपाई कोणाची, हें नवख्यानें तेव्हांच विचारून घ्यावें. मग गाडीची ओळख होते : टायर, दिवे, ब्रेकच्या हवेचा दाब, ताडपत्री आणि दोर. शेवटीं अनुभवी सारथ्याच्या शेजारीं बसून खरा रस्ता.

नांदेड-लातूर रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर या गांवांवरून जातो. लातूर बालाघाटाच्या पठारावर, तर नांदेड गोदाकांठीं, दोन-अडीचशे मीटर खालीं आहे. भरली गाडी उतारास लागली कीं डिझेल वांचविण्यासाठीं गिअर काढून ती मोकळी सोडण्याचा मोह होतो. तसें केल्यास सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो. ते तापतात आणि त्यांची पकड ढिली होते. खालच्या गिअरांत मात्र इंजिनच गाडीला आवरून धरतें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. आणि वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यानंतरचें अंतर चौपट होतें.

यंत्राप्रमाणें मनुष्यही तापतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसाचे ८ तास, आणि ५ तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांति, असें माप घालून दिलें होतें. सोयाबीनच्या हंगामांत, "पहाटेपर्यंत माल पोंचलाच पाहिजे" असा तगादा लागतो, तेव्हां या मापाची परीक्षा होते. नव्या माणसास नोकरी जाण्याचें भय असतें. म्हणून तो झोंप मारून चाक धरतो.

"ब्रेक नीट लागत नाहींत, गाडी काढणार नाहीं," किंवा "डोळे मिटताहेत, येथेंच थांबतों," असें ज्याला सांगतां येतें, तो सारथी शिकला. आणि तें निमूटपणें ऐकून घेते ती कंपनीही शिकली. डाळ चार तास उशिरां आली म्हणून कोणाचें घर उपाशी राहत नाहीं. सारथी परत आला नाहीं, तर एक घर कायमचें उघडें पडतें.