जुन्या संकेतस्थळावरील निरुपयोगी फाइली : निवडीचे तत्त्व आणि पद्धती

संकेतस्थळ वाचकाला पृष्ठांच्या रूपाने दिसते. सर्व्हरवर मात्र त्याचे रूप निराळे असते. तेथे ते फोल्डरांत विभागलेल्या फाइलींचा एक संग्रह असते, आणि त्या संग्रहातील कोणती फाइल कोणत्या पृष्ठाला लागते हे नुसत्या यादीवरून कळत नाही. पंधरा-वीस वर्षे अनेक हातांनी चालविलेल्या स्थळावर ह्या दोन रूपांतील अंतर वाढत जाते. चित्र बदलले की नवे चढविले जाते आणि जुने तसेच राहते. परिपत्रक सुधारले की त्याच्या 'अंतिम' आणि 'नवीन अंतिम' अशा प्रती शेजारी शेजारी नांदू लागतात. विद्यापीठीय विभागांत स्थळाची व्यवस्था पाहणारी व्यक्ती दर काही वर्षांनी बदलत असल्याने कोणती फाइल कशासाठी ठेवली होती ह्याची नोंदही मागे उरत नाही.

ही अडगळ दूर करण्याचे मुख्य कारण जागेची टंचाई हे नव्हे; साठवणुकीची जागा आता पुष्कळ स्वस्त झाली आहे. खरी कारणे दोन आहेत. एक असे की, मुखपृष्ठावरून काढून टाकलेला अभ्यासक्रमही शोधयंत्राच्या सूचीत राहू शकतो, आणि विद्यार्थी रद्द झालेला पाठ प्रमाण मानून चालतो. दुसरे कारण सुरक्षिततेचे. सर्व्हर पीएचपी भाषेतील फाइल स्वतः चालवितो व तिचे केवळ फलित वाचकाकडे पाठवितो. परंतु त्याच फाइलीची प्रत कोणी 'ओल्ड' किंवा 'बॅक' असा प्रत्यय लावून ठेवली असेल, तर बहुधा ती साधा मजकूर म्हणून जशीच्या तशी बाहेर जाते. तीत माहितीकोशाचा परवलीचा शब्द असल्यास तो उघडा पडतो. अशा प्रती विनाविलंब काढाव्यात, ह्याविषयी मतभेदाचे कारण नाही.

इतर फाइलींच्या बाबतीत मात्र 'निरुपयोगी' म्हणजे काय, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे. संगणकशास्त्रात ह्या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर आहे. जॉन मॅकार्थी ह्यांनी १९६० साली लिस्प भाषेसंबंधी प्रसिद्ध केलेल्या निबंधात स्मृतीतील निरुपयोगी कोष्ठ ओळखण्याची रीत सांगितली. जे कोष्ठ निश्चितपणे वापरात आहेत त्यांपासून आरंभ करावा, प्रत्येकातील निर्देशाचा माग काढीत पुढे जावे, आणि जेथे जेथे पोहोचता येईल तेथे खूण करावी. अखेरीस ज्यावर खूण नाही ते मोकळे समजावे. संकेतस्थळाची तपासणी करणारी साधने साधारणतः हेच करतात. मुखपृष्ठापासून दुव्यामागून दुवा घेत ती स्थळ पालथे घालतात, आणि सर्व्हरवरील यादीतून भेट दिलेल्या फाइली वजा केल्या म्हणजे उरलेल्यांना 'अनाथ' अशी संज्ञा देतात.

तथापि ह्या दोन प्रसंगांत एक मूलभूत भेद आहे. लिस्पच्या स्मृतीत सर्व निर्देश यंत्राच्या आतच असतात. म्हणून तेथे 'पोहोचता येत नाही' ह्याचा अर्थ 'उपयोग नाही' असाच होतो. संकेतस्थळाकडे येणारे निर्देश बाहेरही असतात : अन्य संस्थेच्या पृष्ठावर, छापील प्रबंधाच्या तळटीपेत, एखाद्या अभ्यासकाच्या टिपणवहीत. आतील निर्देशही सगळे साध्या दुव्यांच्या रूपात नसतात. पार्श्वचित्राचे नाव शैलीपत्रकात असते, काही नावे माहितीकोशात असतात, तर काही आज्ञावली आयत्या वेळी तुकडे जोडून बनविते. सबब केवळ दुव्यांच्या तपासणीवर विसंबून फाइल नष्ट करणे हे एका साक्षीदारावर विसंबून निवाडा देण्यासारखे आहे.

दुसरा साक्षीदार सर्व्हरच्या मागणी-नोंदींचा. कोणती फाइल केव्हा मागितली गेली हे ह्या नोंदींवरून समजते. परंतु त्या बहुधा मर्यादित काळापुरत्याच राखल्या जातात, आणि वर्षातून एकदाच लागणारा प्रवेश-अर्ज तीन महिन्यांच्या नोंदींत आढळणार नाही. उलटपक्षी, शोधयंत्रांच्या स्वयंचलित फेऱ्यांमुळे कोणीही न वाचलेल्या फाइलीलाही पुष्कळ मागणी असल्याचा भास होतो. यास्तव किमान एका शैक्षणिक वर्षाच्या नोंदी, आणि त्याही स्वयंचलित मागण्या वगळून, पाहिल्या पाहिजेत.

मराठी स्थळांच्या बाबतीत आणखी दोन अडचणी उद्भवतात. त्या भाषाभ्यासकाला विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली देवनागरी फाइलनावांची. 'दुसऱ्या' ह्या शब्दातील र-काराचे आडवे चिन्ह युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारांनी लिहिता येते. एका प्रकारात ०९३१ ह्या क्रमांकाचा ऱ आणि त्यापुढे हलन्तचिन्ह येते. दुसऱ्यात साधा र, हलन्तचिन्ह आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह येते. शिवाय ०९३१ च्या जागी साधा र व त्याखाली नुक्ता अशी जोडीही येऊ शकते. ही तिसरी जोडी आणि पहिला प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार मात्र वेगळाच राहतो. परिणामी दुव्यातील नाव आणि फाइलीचे नाव पडद्यावर हुबेहूब एक दिसत असूनही यंत्राच्या लेखी ती दोन नावे ठरतात. साधन एकीकडे 'तुटलेला दुवा' आणि दुसरीकडे 'अनाथ फाइल' असे दोन दोष दाखविते. वस्तुतः ती एकाच अपघाताची दोन अर्धुके असतात. अशा वेळी फाइल काढणे म्हणजे दुरुस्त होऊ शकणारा दोष कायमचा करणे होय. म्हणून अनाथांची यादी तुटलेल्या दुव्यांच्या यादीशी प्रथम ताडून पाहावी.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. देवनागरी लिपी १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच समाविष्ट झाली. परंतु पुढे कित्येक वर्षे भारतीय भाषांतील अनेक स्थळे विशिष्ट फॉन्टांवर अवलंबून होती. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत. फाइलीत साठविलेला मजकूर वस्तुतः रोमन चिन्हांचा असे, आणि फॉन्ट मिळाला तरच तो मराठी दिसे. १९९७ च्या सुमारास असे फॉन्ट पृष्ठाबरोबरच पाठविण्याच्या दोन रीती प्रचारात आल्या : मायक्रोसॉफ्टची एम्बेडेड ओपनटाइप आणि नेटस्केपने स्वीकारलेली बिटस्ट्रीमची ट्रूडॉक. आजचे ब्राउझर ह्या दोन्ही फॉन्टफाइली वाचू शकत नाहीत. ट्रूडॉकची फाइल तर ते मागतही नाहीत.

ह्याचा परिणाम लक्षात घ्यावा. समजा, १९९९ साली चढविलेले बोलीचे काही नमुने एखाद्या स्थळावर अशा फॉन्टात आहेत. आज ते पृष्ठ उघडल्यास निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. त्यामुळे पृष्ठ बिघडलेले वाटते, आणि फॉन्टफाइलीला मागणी नसल्याने ती निरुपयोगी ठरते. परंतु कोणत्या संकेताने कोणता आकार दर्शविला होता, हे सांगणारी ती फाइलच त्या मजकुराची किल्ली असते. फॉन्ट सर्वत्र प्रचलित असेल तर किल्ली अन्यत्र मिळते. तो स्थानिक किंवा फेरफार केलेला असेल तर फाइलीबरोबर मजकूरही जातो. ह्यास्तव आधी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, ते मुळाशी ताडून पाहावे, आणि त्यानंतरच फॉन्ट सार्वजनिक स्थळावरून हलवावा.

वरील विवेचनावरून कामाचा क्रम निश्चित होतो. प्रथम फाइली, माहितीकोश व शैलीपत्रके ह्यांसह संपूर्ण स्थळाची प्रत अन्यत्र घ्यावी, आणि ती उघडते ह्याची खात्री करून घ्यावी. नंतर दुव्यांची तपासणी, माहितीकोश, मागणी-नोंदी आणि बाहेरील दुवे अशा चारही साक्षी जुळवाव्यात. चारहींच्या मते अनाथ ठरलेल्या फाइलीही लगेच नष्ट न करता सार्वजनिक कक्षेबाहेरच्या फोल्डरात वर्षभर ठेवाव्यात. ज्या फाइलीची जागा दुसरीने घेतली असेल तिच्या जुन्या पत्त्यावर ३०१ हा कायम स्थलांतराचा संकेत द्यावा. जी हेतुपुरस्सर काढली तिच्या जागी ४१० हा संकेत द्यावा. नेहमीचा ४०४ हा संकेत फाइल सापडली नाही एवढेच सांगतो. ४१० ती काढली आहे असे सांगतो. अखेरीस काय काढले, केव्हा आणि कोणत्या कारणाने, ह्याची एक साधी यादी ठेवावी.

ही सावधगिरी अनाठायी नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संहितेतून पुष्कळ भाग वगळला गेला. परंतु वगळलेले पाठ टीपांत आणि परिशिष्टांत नोंदले गेले, आणि त्यामुळेच संपादकांचा निर्णय पुढच्या अभ्यासकाला तपासता येतो. संकेतस्थळाच्या साफसफाईत हेच तत्त्व पाळणे इष्ट आहे. फाइल स्थळावरून काढण्याचा अधिकार व्यवस्थापकाला आहे; ती काढल्याची नोंदही न ठेवण्याचा नाही.